बिनथंडीच्या साली देवी टोचताना

भोरच्या बाजारात मी समोरून येताना दिसलो, की लेकुरवाळ्या बायका पदराखालचं मूल घट्ट धरून गल्ली बदलत. त्याचा मला कधी राग आला नाही. संस्थानच्या आरोग्यखात्यात देवी टोचण्याच्या कामात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. या कामात ज्याला बघून कोणी पळत नाही, तो माणूस बहुधा घरी बसून असतो. तोंडावर मला ‘देवी डाक्टर’ म्हणत. पाठीमागं काय म्हणत, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. डॉक्टर मी नव्हतोच. मराठी शाळा शिकलेला, हात न थरथरणारा आणि चालायला न कंटाळणारा माणूस, एवढं भांडवल या नोकरीला पुरत असे.

लस म्हणजे काय, हे आधी सांगतो. वासराच्या अंगावर देवी वाढवून त्यांचा रस काढत आणि तो अगदी बारीक काचेच्या नळ्यांत भरून, दोन्ही तोंडं बंद करून पाठवत. आगगाडीनं पुण्याला, तिथून मोटारीनं भोरला. आम्ही मुलाच्या दंडावर नश्तरानं ओरखडे काढायचे आणि त्यांवर तो रस चोळायचा. लस जिवंत असेल तर आठवड्याभरात तिथं टपोरे फोड येतात, दंड सुजतो, ताप चढतो, मूल घर डोक्यावर घेतं. याला आम्ही ‘देवी उठल्या’ म्हणत असू. मग खपली धरते, पडते, वण राहतात, आणि खऱ्या देवी सहसा त्या मुलाच्या वाटेला जात नाहीत. लस मेलेली असेल तर मात्र काहीच होत नाही. ओरखडा बुजतो आणि दंड कोरा राहतो. गंमत अशी, की मेलेली लस आणि जिवंत लस दिसायला सारखीच. म्हणून टोचल्यावर आठवड्यानं तपासणीची फेरी घ्यावीच लागे. पूर्वी एका मुलाच्या फोडातला रस काढून दुसऱ्याला टोचत. आमच्या वेळी त्याला सक्त मनाई झाली होती, कारण एकाचा रोग दुसऱ्याला लागे.

लशीचा वैरी म्हणजे उष्णता. त्यामुळं शेतकऱ्याला जशी सुगी, तसा आम्हाला हिवाळा. दिवाळीनंतर बाहेर पडायचं आणि होळीच्या आत कामं उरकायची. पळस फुलले, उन्हं तापली, की खऱ्या देवींचा हंगाम सुरू होई. आम्ही त्यांच्या आधी पोहोचायचं, एवढी साधी ही शर्यत होती. थंडी आमच्या बाजूनं पळे.

ज्या सालाबद्दल मी लिहितो आहे, त्या साली थंडी आलीच नाही. तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष सरत आला, तरी शेकोट्या पेटल्या नाहीत आणि घोंगड्या दांडीवरून उतरल्या नाहीत. उत्रोलीच्या खाचरांत भातामागं पेरलेला हरभरा दवाशिवाय खुरटला. पौषात आंबे मोहरले, पांगाऱ्याला लाल तुरे आले, कोकिळा ओरडू लागल्या. म्हातारी माणसं खूष होती. दरवर्षी खोकून खोकून रात्री काढणारे आमचे शेजारी ओट्यावर उघड्या अंगानं बसून म्हणत, “यंदा थंडी नाही, बरं झालं.” मीही मान डोलवत असे. पहाटे नदी ओलांडताना पाय बधिर होत नव्हते, याचा मला आनंदच होता.

त्या पौषात मी तोरण्याच्या पोटाशी असलेल्या एका धनगरवाड्यावर गेलो. वेल्ह्यापासून चांगली दमछाक करणारी चढण चढलं, की कड्याखाली आठ-दहा खोपटी लागत. गुरं, शेळ्या, थोडी नाचणी, आणि दर बाजाराला खाली न्यायचं लोणी, असा त्यांचा संसार. वाड्यावर शब्द चाले तो ठकूबाईचा. तिचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं होतं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या आणि पुढं तिची स्वतःची दोन मुलं त्याच दुखण्यात गेली होती. त्यामुळं देवीआईला ती जेवढी भीत असे, तेवढी वाघालाही भीत नसे. तिला दोन नातवंडं होती. थोरल्या मुलाचा धोंडू आणि धाकट्या मुलाची तान्ही गुणा. गुणाची आई सरू, वयानं अगदी लहान, हसरी पोरगी होती.

पुष्कळ विनवण्या केल्यावर ठकूबाईनं होकार दिला. मी वाड्यावरची सगळी मुलं टोचली. सरूनं विचारलं, “आता भ्या न्हाई ना?” मी म्हणालो, “आता निर्धास्त राहा.” सगळ्याच आयांना मी तेच सांगत असे.

आठवड्यानं तपासणीला गेलो, तर वाड्यानं माझं स्वागत केलं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. एरवी तपासणीला गेलं की सुजलेले दंड, तापलेली मुलं आणि आयांच्या शिव्या हे ठरलेलं. इथं मुलं उड्या मारत होती. ठकूबाईनं मला घोंगडी अंथरून बसायला दिलं आणि वाटीभर लोणी पुढं ठेवलं.

“डाक्टर, तुमचा हात लई हलका बगा,” ती म्हणाली. “मागं एक डाक्टर आला हुता, त्यानं पोरं आठ दीस रडवली. तुमी टोचल्यालं कळलंसुदिक न्हाई.”

माझ्या नोकरीत माझ्या कामाची इतकी मनापासून स्तुती कोणी केली नव्हती. मी धोंडूचा दंड बघितला. कोरा. शेजारच्या पोरीचा बघितला. कोरा. सगळ्या वाड्यावर एकाही मुलाच्या देवी उठल्या नव्हत्या. मोटारीत, पोस्टात, माझ्या पिशवीत, कुठंतरी त्या उबेनं लस मारून टाकली होती, आणि मी मेलेला रस डोंगरावर वाहून नेऊन मुलांच्या दंडाला चोळला होता. मी लोण्याची वाटी खाली ठेवली.

“सरूची पोरगी कुठं आहे?” मी विचारलं.

“सक्रांतीला म्हायेरी गेली. किकवीला,” ठकूबाई म्हणाली. “टोचल्यालं हाय म्हनून धाडली. न्हाईतर एवढ्या तान्ह्या जिवाला म्या पाठवती व्हय?”

त्याच वेळी बांगड्या भरायला आलेला कासार खोपटाच्या सावलीत पेटी सोडत होता. तो सहज बोलून गेला, “किकवीला देवी आल्यात की. लई घरातनी हायत.” पौषात देवी येतात हे कोणी ऐकलं नव्हतं. पण पौषात आंबा मोहरतो हे तरी कुठं ऐकलं होतं? वसंत लवकर आला होता आणि त्याच्याबरोबर जे जे येतं, तेही लवकर आलं होतं.

मी तिथंच खरं सांगून टाकलं. टोचणी वाया गेली, पुन्हा टोचावं लागेल, मी ताजी लस घेऊन येतो, तोवर कोणी खाली उतरू नका. घोंगडी अंथरताना ठकूबाईच्या तोंडावर जे होतं, ते सगळं पुसलं गेलं.

भोरला घरी पोहोचल्यावर आधी आमच्या लेकीचा, कमळीचा दंड बघितला. ती तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. त्याच खोक्यातली लस मी तिलाही टोचली होती. तोही दंड कोरा. आमच्या मंडळींनी, म्हणजे यमुनेनं, नुसतं विचारलं, “आता हो?” मी म्हणालो, “आता पुन्हा.”

सुदैवानं लशीचं नवं खोकं नुकतंच आलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून, बरंच थंड. आमचे साहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “नळ्या थोड्या आहेत. हमरस्त्यावरची गावं आधी नकोत का करायला? त्या कड्यावर मुलं किती?” त्यांचं चूक नव्हतं. पण मी म्हणालो, “साहेब, रस्त्यावरच्या गावांना माणूस मिळेल. त्या वाड्यावर मी गेलो नाही तर कोणीच जाणार नाही, आणि तिथले लोक आपल्या भरवशावर बसलेत.” मी खुर्चीसमोरून हलेना, तेव्हा त्यांनी हसून काही नळ्या माझ्याकडं सरकवल्या. त्यांतल्या पहिल्या नळीनं मी कमळीला टोचलं आणि तसाच किकवीला निघालो.

सरूच्या माहेरच्या दाराला देवी आल्याची खूण म्हणून कडुलिंबाचे डहाळे बांधलेले लांबूनच दिसले. दारात पाय ठेवण्याआधीच मला कळलं. गुणाच्या अंगावर तिळाएवढी जागा मोकळी नव्हती. अंगात ताप येण्याआधी पोहोचलो असतो तर टोचून उपयोग झाला असता. आता पिशवीतल्या नळ्यांचा तिला काही उपयोग नव्हता. सरू तिच्यावर लिंबाच्या पाल्यानं वारा घालत होती. मला बघून ती रडली नाही, रागावलीही नाही.

“तुमी तर म्हनला हुता, निर्धास्त ऱ्हा,” एवढंच ती म्हणाली.

आजही या वाक्यापाशी आलो की लेखणी थांबते. मी तिच्या भावाला सांगितलं, की ठकूबाईला निरोप पाठवा आणि इथली धुणी, पांघरुणं वर जाऊ देऊ नका. घरात ज्यांना ताप नव्हता त्या मुलांना टोचलं आणि उरलेल्या नळ्या घेऊन तोरण्याच्या वाटेला लागलो. नळ्या वाळूत, वाळू मडक्यात, मडकं ओल्या गोणपाटात, आणि दर ओढ्याला गोणपाट भिजवायचं. पाऊस नाही, दव नाही, वर मे महिन्यासारखं ऊन. मडकं काखेत धरून मी चालत राहिलो. एक वाडा वाचवायचा आहे, बाकीचा विचार खाली आल्यावर करू, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

वाड्यावर बातमी माझ्या आधी पोहोचली होती. ठकूबाई पाऊलवाटेवरच बसली होती.

“वर येऊ नगासा,” ती म्हणाली. “आईच्या आडवं गेला तुमी, म्हनून ती माज्या गुणावर बसली. आता धोंडूला न्हाई टोचायचं.”

“ठकूबाई, आडवा गेलो असतो तर बरं झालं असतं. माझी लस मेलेली होती. ती आडवी गेलीच नाही.”

“आनि ही जित्ती हाय कशावरनं?”

मी सांगितलं, की याच लशीनं मी माझ्या पोरीला टोचलंय. ती म्हणाली, “हितं आना तिला. म्या डोळ्यांनी बघीन. मग सांगीन.”

मागणी रास्त होती. पण भोरला जाऊन, पोर घेऊन वर यायचं म्हणजे मधे बरेच दिवस जाणार, आणि तेवढ्या दिवसांत त्या हवेत नळ्या पुन्हा मरणार. मी तिथं दगडावर बसलो. समोर तिच्या थोरल्या सुनेनं लोण्याचं गाडगं आणलं होतं. बघतो तर लोणी घट्ट, बोटाला थंडगार. खाली वेल्ह्यात त्या दिवसांत सगळ्यांचं लोणी भर सकाळी पाघळत होतं.

“हे लोणी कुठं ठेवता?” मी विचारलं.

कड्याच्या पोटात एक कपार होती. आत बारमाही पाणी झिरपायचं, ऊन कधी शिरायचं नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत वाड्याचं सगळं लोणी तिथं ठेवत. बाळंतिणीनं, पायात वहाण असलेल्या माणसानं किंवा बिनआंघोळीच्या कोणीही तिथं जायचं नाही, असा दंडक होता. मी ठकूबाईला म्हणालो, “मी मुलगी आणतो. तोवर माझं मडकं तुमच्या लोण्याशेजारी ठेवा. दाखवून पटलं नाही, तर ते कड्याखाली फेकून द्या. मी काही म्हणणार नाही.”

तिनं माझ्याकडं, मडक्याकडं आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. तिचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. पण समोरच्यानं विश्वासानं पुढं केलेली वस्तू परत लोटणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

“द्या हिकडं,” ती म्हणाली. “ठेव म्हनून ऱ्हाईल. पटलं म्हनून न्हाई.”

घरी आलो तर कमळी तापानं फणफणलेली, दंड भोपळ्यासारखा सुजलेला. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नसेल. पण मग यमुनेला सांगायचं होतं, की हे तापलेलं पोर घेऊन डोंगर चढायचा आहे. मी शब्द जुळवत राहिलो. तिनं निम्म्यावरच थांबवलं.

“अहो, ती बाई बघितल्याशिवाय टोचून घेणार नाही ना? मग चला. ताप मुलीला आहे, मला नाही. मी घेते तिला कडेवर.”

नसरापूरपर्यंत भाताच्या बैलगाडीत जागा मिळाली. पुढं पायी. वाटेत पांगारे लाल झाले होते, आणि यमुना कमळीला एकेक झाड दाखवत चालत होती. त्या चढणीवर तिनं एकदाही ‘थांबू या’ म्हटलं नाही. मीच दोनदा म्हटलं.

ठकूबाई कपारीच्या तोंडाशी काठी घेऊन बसलेली होती. सून सांगत होती, की त्या दिवसापासून तिनं मडक्याजवळ शेळीसुद्धा फिरकू दिली नाही. गोणपाट दोन्ही वेळा स्वतः भिजवलं. रोज आंघोळ केल्याशिवाय हात लावला नाही. गुणा गेल्याचा निरोप मधल्या काळात आला होता. त्या दिवशीही म्हातारी जागची उठली नव्हती.

यमुनेनं कमळीचं अंगडं वर केलं. टपोरे फोड, मधे खळगा, भोवती लाल कडं. ठकूबाईनं पोरीला मांडीवर घेतलं. बोट न लावता बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

“ही आईच हाय,” ती हळूच म्हणाली. “पर धाकली. थोरलीच्या आदी धाकली येऊन बसली, की थोरली दारातनं म्हागं फिरती. आसं हाय व्हय?”

मी लस, वासरू, नळ्या हे सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं होतं. यमुनेनं माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड मिटलं. “असंच आहे,” मी म्हणालो. पुढं निवृत्त होईपर्यंत मी गावोगाव हेच सांगत आलो. आमच्या खात्याच्या कुठल्याही पत्रकापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

ठकूबाई स्वतः धोंडूला घेऊन बसली आणि मी ओरखडे काढले. मागोमाग सगळी मुलं. यमुना एकेकाचा हात धरत होती. नळ्या जिवंत होत्या की नाही, हे तेव्हाही मला माहीत नव्हतं.

तपासणीची फेरी आली. या वेळी मी एकटाच होतो. चढण अर्धी झाली असेल-नसेल, तोच वरून आवाज ऐकू आला. आधी वाटलं शेळ्या. मग थांबून ऐकलं. मुलं रडत होती. एक नाही, दोन नाही, वाड्यावरची झाडून सगळी. मी त्या चढावर अक्षरशः पळालो. आयुष्यात रडणं ऐकून पळालेला आणि हसलेला माणूस मीच असेन. वर पोहोचलो तर घोंगडी नाही, लोणी नाही. सगळ्या बाया एकदम तुटून पडल्या. पोरं झोपू देईनात, खाईनात, अंगाला हात लावू देईनात. धोंडू माझ्याकडं बघून भोकाड पसरून आत पळाला.

ठकूबाई दारात उभी होती. “डाक्टर,” ती म्हणाली, “ह्या येळंला तुमचा हात लई जड पडला.” आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

फाल्गुनात देवी वेल्ह्याच्या खोऱ्यात पसरल्या. बऱ्याच वाड्यांवर मुलं गेली. त्या वाड्यावर एकाही मुलाला देवी आल्या नाहीत. साहेबांनी माझी पाठ थोपटली, पण मला त्या दिवशी किकवीचं दार दिसत होतं. आजही ज्या हिवाळ्यात लोक म्हणतात ‘थंडी नाही, बरं झालं’, त्या हिवाळ्यात मी पहाटे उठून रांजणातल्या पाण्यात हात घालून बघतो. सवय जात नाही.

पुढच्या वर्षी वाड्यावर गेलो, तेव्हा सरू मला बघून आत निघून गेली. मीही तिला हाक मारली नाही. त्याच्या पुढच्या साली मात्र कडाक्याची थंडी पडली. मडक्याचं पाणी हाताला चावत होतं. वाड्यावर मी पिशवी सोडतोय न सोडतोय तोच सरू सगळ्यांच्या पुढं येऊन बसली. मांडीवर नवं बाळ, दोनच महिन्यांचं. इतकं लहान मूल आम्ही एरवी टोचत नसू. मी म्हणालो, “सरू, अजून थोडं मोठं होऊ दे.”

तिनं बाळाचा दंड उघडा करून माझ्या पुढं धरला. डोळे माझ्यावरच ठेवले होते.

“आत्ताच टोचा,” ती म्हणाली. “आनि जड हातानं टोचा.”